मिल्वॉकीत नवे आहात? हॅपी अवर, फ्रायडे फिश फ्राय आणि कोपऱ्यावरच्या टॅव्हर्नची वाट

मिल्वॉकीत नोकरीला किंवा शिकायला आलेली आपली मंडळी पहिले काही महिने ठरलेल्या चाकोरीत जेवतात. घरचा वरण-भात, शनिवारी ब्रुकफिल्डच्या बाजूला एखाद्या इंडियन रेस्टॉरंटमधला बफे, आणि घाईच्या दिवशी चिपोटले. घराजवळच्या कोपऱ्यावर, खिडकीत निऑनची बिअरची पाटी लावलेली जी जुनी इमारत रोज दिसते, तिच्यात मात्र कुणी पाऊल टाकत नाही. 'बार' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परमिट रूम उभी राहते, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. पण इथला टॅव्हर्न ही वस्तीची जेवणाची जागा आहे. तिथे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, कारखान्यातून सुटलेला माणूस सूप पीत बसतो, आणि दारूला हात न लावणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. या शहरात स्वस्त, ताजं आणि इथलंच म्हणावं असं खाणं हवं असेल तर ते याच जागांमध्ये मिळतं. तिथपर्यंत कसं पोहोचायचं ते पुढे क्रमानं सांगतो.

१. आधी वार आणि वेळ ठरवा, जागा नंतर

पुण्या-मुंबईत आपण आधी हॉटेल ठरवतो. मिल्वॉकीत आधी वार बघायचा. बहुतेक टॅव्हर्न आणि साध्या रेस्टॉरंटांमध्ये प्रत्येक वाराचा वेगळा स्वस्त पदार्थ असतो. जागेनुसार फरक पडतो, पण साधारण घडी अशी: सोमवारी बर्गर, मंगळवारी टाको, बुधवारी किंवा गुरुवारी चिकन विंग्ज, शुक्रवारी मासे, रविवारी सकाळी ब्लडी मेरी (टोमॅटोच्या रसाचं कॉकटेल) आणि पॅकर्स या इथल्या लाडक्या फुटबॉल संघाचा सामना. यादी दाराजवळच्या खडूच्या फळ्यावर किंवा टेबलावरच्या उभ्या कार्डावर असते. वेबसाइटवरची माहिती पुष्कळदा जुनी असते, त्यामुळे निघण्यापूर्वी एक फोन करावा हे उत्तम.

हॅपी अवर, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळेत खाण्यापिण्यावर मिळणारी सवलत, यापेक्षा वेगळा. तो साधारण सोमवार ते शुक्रवार, दुपारी तीन ते सहा असतो. काही ठिकाणी चारला सुरू होतो, काही ठिकाणी रात्री नऊ-दहानंतर दुसरी फेरी असते. शेजारच्या इलिनॉयनं १९८९ मध्ये हॅपी अवरवर बंदी घातली होती आणि ती २०१५ मध्ये काही अटींवर सैल केली. इंडियानात तर हॅपी अवर २०२४ च्या जुलैत परत आला. विस्कॉन्सिनमध्ये राज्यभर अशी बंदी नाही, म्हणून इथे तो अगदी मुरलेला आहे.

डिसेंबरात इथे सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. नव्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात जड जाते ती हीच वेळ: ऑफिस सुटलेलं, बाहेर मिट्ट काळोख, घरी कुणी नाही. त्या वेळी उबदार जागी अर्ध्या किमतीत गरम काहीतरी खाता येतं आणि चार शब्द बोलायला माणसं मिळतात. हॅपी अवर शिकून घ्या असं मी आग्रहानं सांगतो, त्याचं खरं कारण हे आहे. पैसे वाचतात ते वेगळं.

२. ओळखपत्र खिशात ठेवा

दारू पिण्याचं वय २१. तुम्ही चाळिशीचे दिसत असलात तरी ओळखपत्र मागू शकतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. विस्कॉन्सिनचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं आयडी कार्ड निघेपर्यंत मूळ पासपोर्टच न्यावा लागतो. आधार कार्ड किंवा फोनमधला पासपोर्टचा फोटो चालत नाही. आल्या आल्या डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी कार्यालयात, जाऊन आयडी काढून घेतलंत तर पासपोर्ट खिशात घेऊन फिरण्याची जोखीम टळते. २१ खालच्यांची लायसन्सं इथे उभी छापतात, त्यामुळे बारटेंडरला ती लांबूनच कळतात.

मुलं बरोबर असतील तर काळजी नको. आई-वडील सोबत असताना मुलांना टॅव्हर्नमध्ये बसता येतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर उंच खुर्च्या कमी पडतात. २०१० च्या जुलैपासून राज्यात बंद जागेत धूम्रपानाला मनाई आहे, त्यामुळे धुराचाही प्रश्न नाही.

३. वस्ती निवडा

सुरुवात बे व्ह्यूपासून करावी असं माझं मत. किनिकिनिक ॲव्हेन्यू, ज्याला सगळे 'केके' म्हणतात, त्या एका रस्त्यावर चालत चालत हवं ते निवडता येतं. या भागात फिरताना जुन्या विटांच्या इमारतींवर पृथ्वीगोलाचं चिन्ह दिसलं तर थांबून बघा. ती श्लिट्झ ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, खूण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या ब्रुअऱ्यांनी आपापली बिअर विकायला कामगार वस्त्यांच्या कोपऱ्यांवर स्वतःच टॅव्हर्न बांधले. घरांच्या रांगेत मधूनच एखादा टॅव्हर्न उभा दिसतो, तो त्यामुळे.

वॉकर्स पॉइंट आणि त्याच्या पश्चिमेला सीझर चावेझ ड्राइव्ह हा मेक्सिकन खाण्याचा भाग. तिखटाची तल्लफ आली की तिकडे जा. थर्ड वॉर्ड देखणा आहे, पण महाग. तिथलं मिल्वॉकी पब्लिक मार्केट मात्र चुकवू नका. २००५ पासून चालू असलेल्या या बाजारात चीज, मासे, बेकरी सगळं एका छपराखाली आहे आणि वरच्या मजल्यावर बसून खाता येतं. डाउनटाउन, थर्ड वॉर्ड आणि ईस्ट साइडचा काही भाग 'द हॉप' या ट्रामनं जोडलेला आहे आणि तिला तिकीट लागत नाही. ब्रॅडी स्ट्रीट, रिव्हरवेस्ट, वॉवाटोसा, वेस्ट ॲलिस हे सगळं हळूहळू बघा. जीई हेल्थकेअरमुळे वॉकेशाकडे राहणाऱ्यांना वेस्ट ॲलिस सोयीचं पडतं.

४. आत गेल्यावर कुठे बसायचं

दारात पाटी असते: थांबा, आम्ही बसवतो, किंवा हवं तिथे बसा. पाटी नसेल तर सरळ बारवर जाऊन बसा. एकट्या माणसासाठी बारची उंच खुर्ची ही सर्वात चांगली जागा. जेवण तिथेच मिळतं, वाट बघावी लागत नाही, आणि बारटेंडर हा वस्तीचा चालता-बोलता माहितीकोश असतो. बसल्यावर पहिला प्रश्न एकच विचारा: हॅपी अवर चालू आहे का, आणि तो टेबलावर बसल्यासही लागू आहे का? पुष्कळ ठिकाणी सवलत फक्त बारच्या बाजूला असते. टेबलावर बसलात की तेच चीज कर्ड्स पूर्ण किमतीला पडतात.

आणखी दोन अटी ठाऊक असू द्या. सवलतीचे पदार्थ तिथेच खायचे असतात, बांधून देत नाहीत. उरलेलं न्यायला डबा मात्र मिळतो. आणि वेळ संपायच्या आत ऑर्डर द्यावी लागते, वेळेच्या आत येऊन बसलात एवढं पुरत नाही. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका. विस्कॉन्सिनच्या बारमधली घड्याळं जाणूनबुजून दहा-पंधरा मिनिटं पुढे लावलेली असतात, म्हणजे रात्री बंद करताना गिऱ्हाइकांना वेळेत बाहेर काढता येतं. त्याला 'बार टाइम' म्हणतात.

बारटेंडर कार्ड मागेल आणि विचारेल, टॅब उघडा ठेवू का? हो म्हणालात तर जे जे मागवाल ते एका खात्यावर चढत जातं आणि निघताना एकदाच हिशोब होतो. कार्ड परत घ्यायला विसरू नका. काही जुने टॅव्हर्न अजून फक्त रोख घेतात, म्हणून वीस-तीस डॉलर जवळ असावेत.

तुमच्यासमोर कुणी उलटा शॉट ग्लास किंवा लाकडी चकती ठेवली तर गोंधळू नका. शेजारच्या कुणीतरी तुमच्यासाठी एका पेयाचे पैसे भरले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मान हलवून आभार मानायचे. दारू घेत नसाल तर त्या चकतीवर सोडा किंवा रूट बिअर मागितलेली चालते. पुढच्या खेपेला तुम्हीही कुणासाठी ठेवा.

५. काय मागवायचं

पहिल्यांदा गेलात तर चीज कर्ड्स. चेडर चीज घडवताना वडी दाबण्याआधीचे जे तुकडे असतात, ते हे. ताजे असताना चावल्यावर दातांखाली चुकचुक आवाज येतो. हा आवाज ताजेपणाची परीक्षा आहे. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहिले की तो जातो. घरी आणलेले असतील तर मायक्रोवेव्हमध्ये अगदी काही सेकंद ठेवा, थोडा परत येतो. बारमध्ये मिळतात ते बहुधा बिअरच्या पिठात बुडवून तळलेले. चांगल्या जागेचं कवच पातळ आणि खमंग असतं, आणि तुकडा तोडला की चीजची तार निघते. जाड, सारख्या आकाराचे, ब्रेडक्रम्समध्ये घोळलेले गोळे आले तर ते गोठवलेल्या पाकिटातले समजा. ऑर्डर देण्यापूर्वी इथेच बनवता का, एवढं विचारलं तर कुणाला राग येत नाही. उलट जे बनवतात ते अभिमानानं सांगतात.

दुसरा भरवशाचा पदार्थ म्हणजे मोठा बव्हेरियन प्रेट्झेल. गरम, वरून जाड मीठ, सोबत मोहरीची चटणी आणि बिअर-चीज सॉस. दोघांना एक पुरतो. हॅपी अवरच्या यादीत तो बहुतेक ठिकाणी असतो.

पिझ्झा इथे पातळ, पापडासारखा कुरकुरीत आणि चौकोनी तुकड्यांत कापलेला असतो. फारवेल ॲव्हेन्यूवर सुरू झालेलं झाफिरोज या प्रकारासाठी ओळखलं जातं. शिकागोच्या जाड पिझ्झ्याची अपेक्षा ठेवून मागवू नका.

बटर बर्गर हा गोमांसाचा असतो, आणि वर लोण्याचा मोठा गोळा. ग्लेनडेलचं सॉलीज ग्रिल त्यासाठी १९३६ पासून ओळखलं जातं. गोमांस न खाणाऱ्यांनी एवढं पक्कं ध्यानात ठेवावं की इथे 'बर्गर' आणि 'चिली' (मिरची नव्हे, खिम्याचा दाट रस्सा) म्हणजे गोमांस, वेगळं लिहिलेलं नसेल तर. ब्राटवुर्स्ट किंवा 'ब्राट' हे जर्मन सॉसेज बहुधा डुकराच्या मांसाचं असतं, पण मिश्रणही निघतं. हॉट डॉग तर पुष्कळदा गोमांसाचा. प्रत्येक वेळी विचारा.

टाकोच्या दिवशी दक्षिणेकडे जा. तिथे लिंबू, कोथिंबीर, कच्चा कांदा आणि खरी झणझणीत साल्सा मिळते. आपल्या जिभेला सगळ्यात लवकर जवळची वाटते ती हीच चव.

६. शाकाहारी असाल तर नेमके शब्द वापरा

फक्त व्हेजिटेरियन आहे म्हणणं इथे पुरत नाही. मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं स्वयंपाकघरात प्रामाणिकपणे समजलं जातं. म्हणून मोडून सांगा: मांस नाही, मासा नाही, चिकनचा स्टॉक नाही, बेकन नाही, लार्ड म्हणजे डुकराची चरबी नाही. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगा, कारण त्यांच्या हिशोबात अंडं शाकाहारातच येतं.

मांस लपलेलं असतं ते अशा जागी: बिअर-चीज सूपमध्ये बहुधा चिकन स्टॉक. जर्मन पोटॅटो सॅलडमध्ये बेकन. बेक्ड बीन्समध्येही बेकन. मेक्सिकन ठिकाणच्या घोटलेल्या राजम्यात कधी कधी डुकराची चरबी. ब्लडी मेरीत वूस्टरशायर सॉस असतो आणि त्यात अँकोवी नावाचे मासे असतात. हे तर वर्षानुवर्षं इथे राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. कोलस्लॉच्या मेयोनीजमध्ये अंडं. चीजमध्ये दूध फाडण्यासाठी घातलेलं, प्राण्यांपासून काढलेलं रेनेट असू शकतं. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी पब्लिक मार्केटमधल्या चीजच्या दुकानात विचारून शाकाहारी रेनेटचं घ्यावं, टॅव्हर्नमध्ये हे कुणाला सांगता येणार नाही.

सर्वात मोठा प्रश्न तळणीचा. शुक्रवारी मासे, फ्राइज आणि चीज कर्ड्स एकाच फ्रायरमध्ये पडण्याची शक्यता बरीच असते. फ्राइजसाठी वेगळा फ्रायर आहे का, हे विचारा. काही ठिकाणी असतो, आणि नसेल तर सर्व्हर स्पष्ट सांगतात. मग तव्यावर भाजलेल्या पोटॅटो पॅनकेक्सकडे वळा: किसलेला बटाटा, कांदा, थोडं पीठ, अंडं, आणि सोबत ॲपलसॉस. तेही कुठे कुठे तळतात, तेवढं विचारून घ्या. जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांना टॅव्हर्नमध्ये प्रेट्झेल आणि सॅलडपलीकडे फारसं काही मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

७. शुक्रवारची संध्याकाळ: फिश फ्राय

या शहराची खरी ओळख करून घ्यायची तर शुक्रवार राखून ठेवा. जर्मन आणि पोलिश कॅथलिक कुटुंबं शुक्रवारी मांस वर्ज्य करायची, मासा चालायचा. मिशिगन सरोवरात मासा मुबलक आणि स्वस्त होता. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत टॅव्हर्न चालवणाऱ्यांना गिऱ्हाईक टिकवायला जेवणाचा आधार लागला, आणि तळलेला मासा त्यांच्या कामी आला. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) वगळता शुक्रवारची सक्ती काढून टाकली, तरी सवय गेली नाही. आज धर्माशी संबंध नसलेली माणसंही शुक्रवारी मासेच खातात. आपल्याकडे मंगळवार, गुरुवार, शनिवार पाळणारे बरेच असतात, त्यांनाही हा वार सोयीचाच पडतो.

कुठे जायचं? पहिल्या खेपेला लेकफ्रंट ब्रुअरी सुचवीन. १९८७ मध्ये सुरू झालेली ही ब्रुअरी नदीकाठच्या जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत आहे, आणि शुक्रवारच्या फिश फ्रायला पोल्का बँडची साथ ही तिची ओळख. लांब टेबलांवर अनोळखी कुटुंबांच्या शेजारी बसायचं. गर्दी, आवाज, नाचणारी पोरं, सगळं असतं. शांतपणे जेवायचं असेल तर वेस्ट ॲलिसचं केगल्स इन. १९२४ पासूनची, लाकडी कोरीवकामाची जुनी जर्मन जागा. लेंटच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्च ते ईस्टर, चर्चच्या तळघरांमध्येही फिश फ्राय असतो. तिथे कुणीही जाऊ शकतं, तुमचा धर्म कुणी विचारत नाही, आणि वाढणारे सगळे स्वयंसेवक असतात. मला स्वतःला हेच सर्वात आवडतं.

पाच वाजण्याच्या आत पोहोचा. साडेपाचनंतर ताटकळावं लागतं. नाव नोंदवायचं, मग बारवर जाऊन काहीतरी पीत थांबायचं. हीच इथली पद्धत, आणि या वाट बघण्यातच गप्पा होतात. पुष्कळ जागा शुक्रवारी हॅपी अवर लावत नाहीत, कारण गर्दी आपसूकच असते.

सर्व्हर एका दमात प्रश्न विचारते, म्हणून उत्तरं तयार ठेवा. मासा कोणता: कॉड, पर्च, वॉलाय की ब्लूगिल? बिअर बॅटर, ब्रेडेड की बेक्ड? बटाटा कसा: फ्राइज, पॅनकेक्स की भाजलेला? कॉड समुद्रातला, जाड, पांढरा, सर्वात स्वस्त. 'हवं तेवढं खा' असते ती योजना बहुधा कॉडचीच. वॉलाय गोड्या पाण्यातला, घट्ट मांसाचा. पर्च आकारानं लहान, नाजूक आणि किंचित गोडसर. कोकणातल्या माणसाला तो खाताना मुडदुशीची आठवण येईल. पर्च थोडा महाग असतो, तरी पहिल्यांदा तोच घ्या. मिशिगन सरोवरात पिवळ्या पर्चची संख्या इतकी घटली की विस्कॉन्सिननं १९९६ मध्ये तिथली व्यावसायिक पर्चमारी थांबवली. त्यामुळे फळ्यावर 'लेक पर्च' लिहिलेलं असलं तरी तो बहुधा इथला नसतो. पुष्कळसा लेक ईरीच्या कॅनडाकडच्या बाजूनं येतो.

ताटात माशाखेरीज राय ब्रेडचा एक काप, लोण्याची वडी, कोलस्लॉची वाटी, टार्टर सॉस आणि लिंबाची फोड असते. मसाला जवळजवळ शून्य. आधी नुसता लिंबू पिळून एक तुकडा खाऊन बघा, मग टॅबॅस्को मागा. पहिल्याच घासाला सॉस ओतला तर पर्च आणि कॉडमधला फरक कधीच कळणार नाही. बटाट्यात पॅनकेक्स घ्या. त्यांच्या कडा कुरकुरीत असतात आणि ॲपलसॉसबरोबरची गोड-खारट चव दुसऱ्या-तिसऱ्या घासाला आवडायला लागते.

८. पेयांबद्दल थोडं

विस्कॉन्सिनचं खास पेय म्हणजे ब्रँडी ओल्ड फॅशन्ड. बाकी देश ते व्हिस्कीत करतो, इथे ब्रँडीत. बारटेंडर ग्लासच्या तळाशी साखर, बिटर्स या कडवट अर्काचे थेंब, संत्र्याची फोड आणि चेरी ठेचतो, त्यावर बर्फ, ब्रँडी आणि शेवटी सोडा. तो विचारेल: स्वीट, सावर की प्रेस? स्वीट म्हणजे लिंबाच्या गोड सोड्याबरोबर, सावर म्हणजे आंबट, प्रेस म्हणजे निम्मा गोड आणि निम्मा साधा सोडा. नवख्यानं प्रेस घ्यावं. गोड असल्यामुळे कडकपणा जाणवत नाही, म्हणून एकावर थांबा. हॅपी अवरच्या यादीत 'रेल' लिहिलेलं असतं, ती बारची नेहमीची साधी ब्रँड्स; तीच स्वस्त असतात.

न पिणाऱ्यांसाठी स्प्रेकरची रूट बिअर आहे. मिल्वॉकीत १९८५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या रूट बिअरमध्ये मध असतो आणि मद्यार्क अजिबात नसतो. पहिल्या घोटाला औषधी वास येतो, मग जिभेला सवय होते. मुलांसाठी किडी कॉकटेल मागा: ग्रेनाडीन, लिंबाचा सोडा आणि चेरी.

९. बिल आणि टिप

मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. मिल्वॉकी शहरात २०२४ पासून विक्रीकर ७.९ टक्के आहे: राज्याचा ५, काउंटीचा ०.९ आणि शहराचा २. रेस्टॉरंटच्या खाण्यावर आणखी ०.५ टक्का बसतो. शहराची हद्द ओलांडून वेस्ट ॲलिस किंवा वॉवाटोसात गेलात की शहराचे २ टक्के वाचतात.

टिप ऐच्छिक म्हणतात, पण तिच्याशिवाय सर्व्हरचं घर चालत नाही. विस्कॉन्सिनमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं ताशी फक्त २.३३ डॉलर दिले तरी कायद्याला पुरतात, बाकी टिपमधून यायचं असतं. म्हणून १८ ते २० टक्के धरून चला, आणि हॅपी अवरमध्ये ती सवलतीआधीच्या किमतीवर मोजा, कारण वाढणाऱ्याचे कष्ट अर्धे झालेले नसतात. उदाहरणार्थ, ४० डॉलरचं खाणं सवलतीत २८ ला पडलं, तर त्यावर कर साधारण २.३५ आणि टिप ४० च्या २० टक्क्यांनी ८. एकूण ३८.३५. टिप देणं जड वाटत असेल तर एखादा पदार्थ कमी मागवा, पण टिप कापू नका. बारवर नुसतं पेय घेतलं तर दर ग्लासामागे एक-दोन डॉलर.

चौघं मिळून गेलात तर वेगवेगळी बिलं हवीत हे बसतानाच सांगा. इथे सर्व्हर त्याला नाक मुरडत नाहीत, फक्त शेवटी सांगितलं की त्यांची तारांबळ उडते.

१०. घरी परतताना

प्यायला असाल तर गाडी चालवू नका. रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा ०.०८ टक्के आहे, २१ खालच्यांना शून्य. विस्कॉन्सिनमध्ये पहिला गुन्हा सहसा फौजदारी धरत नाहीत, आणि त्यामुळे काही जण बेफिकीर राहतात. पण आपण व्हिसावर आलेलो असतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करू शकतं, आणि मग भारतात गेल्यावर परत येणं अडकतं. उघडी बाटली गाडीत ठेवणंही बेकायदा. हॉप, बस, उबर, किंवा न पिणारा मित्र, यांतलं काहीतरी आधी ठरवूनच निघा. ब्रुअर्सचा बेसबॉल सामना असेल तर बरेच टॅव्हर्न आपल्या गिऱ्हाइकांना स्टेडियमपर्यंत फुकट बसनं नेतात आणि परत आणतात. गाडी तिथेच लावून जाता येतं.

स्वयंपाकघर बारच्या बरंच आधी, नऊ-दहालाच बंद होतं. उशीर झाला आणि गोड खायचं असेल तर फ्रोझन कस्टर्ड. सत्ताविसाव्या रस्त्यावरचं निऑनच्या दिव्यांचं लिऑन्स १९४२ पासून आहे, आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या कॉप्सचे रोजचे खास स्वाद ठरलेल्या वेळापत्रकानं बदलतात. हे आइस्क्रीमपेक्षा दाट लागतं, कारण त्यात हवा कमी आणि अंड्याचा बलक असतो, किमान १.४ टक्के बलक असल्याशिवाय कस्टर्ड म्हणून विकताच येत नाही. अंडं न खाणाऱ्यांनी ते टाळावं.

११. उन्हाळा आला की बिअर गार्डन

मे महिन्यात हवा उघडली की हे सगळं बाहेर येतं. मिल्वॉकी काउंटीच्या उद्यानांत सार्वजनिक बिअर गार्डन भरतात. एस्टाब्रुक पार्कमधलं नदीकाठचं गार्डन २०१२ मध्ये सुरू झालं आणि मला सर्वात प्रिय आहे. झाडांखाली लांब बाकं, मुलांना खेळायला जागा, आणि आपल्यासाठी सर्वात मोलाची सोय अशी की खाणं घरून आणायला मुभा आहे. आजूबाजूची कुटुंबं टोपल्या भरभरून सॅलड आणि सँडविच आणतात. आपण भेळेचं सामान, कांदे-पोहे, थालीपीठ, दही-चटणी आणली तरी कुणाची हरकत नसते; शेजारचे कुतूहलानं विचारतात, आणि थालीपिठाचा तुकडा दिला की त्यांच्याकडून ब्राट पुढे येतो. शाकाहारी कुटुंबांचे सगळे प्रश्न इथे आपोआप सुटतात. पेयं मात्र तिथलीच घ्यावी लागतात. काचेच्या मगासाठी अनामत भरायची असते, ती मग परत दिल्यावर मिळते. शनिवारी दुपारी तीनच्या आत गेलात तर दहा जणांचं टेबल सहज मिळतं, त्यानंतर अंथरायला एक सतरंजी बरोबर असू द्या.